पिवळी पाठ

माझ्या पाठीवर पाय होता. पाठीवर बाचं घोंगडं, अन् घोंगड्यावर तो पाय. वसमतच्या शाळेचं मैदान, सव्वीस जानेवारी, अर्धा गाव लोटलेला. मी पालथी पडलेली. तोंडात माती, ओठावर काजळाच्या मिशा. अन् आमचे कराट्याचे सर मैदानाच्या कडेनं सांगत होते, "हलू नका कोणी. फोटो निघतोय."

मी हलले न्हाई. सांगितलेलं बराबर करायची माझी खोडच होती.

पाय मृणालचा. मृणाल म्हणजे वसमतच्या एका वकिलाची पोरगी, माझ्यासारखीच नववीतली. तिच्या अंगावर पांढराफेक ड्रेस, कमरेला हिरवा बेल्ट. खेळाचं नाव 'मुलींचे स्वसंरक्षण'. मुलगी कॉलेजला निघते, वाटेत गुंड आडवा येतो, मुलगी तीन तडाख्यांत त्याला लोळवते. मुलगी मृणाल. गुंड मी.

गुंडाला कपडे काय घालायचे, हा सवाल आठ दिवस आधी निघाला होता. सर म्हणले, गुंड लांबून गुंड वाटला पाहिजे. मग माझ्याकडं बघून म्हणले, "तुझ्या वडिलांचं घोंगडं आण. पटका आण. काठी तर असेलच." पोरी हसल्या. मी पण हसले. बाला मी खोटं सांगितलं, की आत्याकडं थंडी लई वाजती, घोंगडं दे. त्यानं खांद्यावरचं काढून दिलं. त्याच्याकडं दुसरं हाय का, एवढं पण मी इचारलं न्हाई.

माईकवरचे गुरुजी रंगात आले होते. म्हणले, आता बघा, रानातून येतोय एक रानदांडगा. मी काठी आपटत आले. पब्लिकमधल्या पोरांनी मेंढरं हाकल्यावाणी हुर्र्र हुर्र्र सुरू केलं. कोणीतरी वरडलं, "धनगर आला रे." सगळं मैदान हसलं. मला वाटलं, खेळ जमून राहिला. मी आणखी छाती काढून चालले. आज आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावं वाटतं.

पहिला तडाखा, दुसरा तडाखा, तिसऱ्याला पडायचं. पडले. पाठीवर पाय ठेवायचं आधी ठरलं नव्हतं. ते सरांना ऐन वक्ताला सुचलं.

मग पाहुणे बोलले. कोणीतरी मोठे साहेब होते. म्हणले, "अशा रानटी माणसांपासून आपल्या लेकीबाळींनी सावध राहायला शिकलं पाहिजे." टाळ्या पडल्या. मी उठले, तोंडातली माती थुंकली, अन् दोरीच्या पलीकडं मला बा दिसला.

धोतर, सदरा अन् रिकामा खांदा. एवढी थंडी अन् अंगावर पांघरूण न्हाई, कारण त्याचं पांघरूण माझ्याकडं होतं. लेकरू साहेब लोकांपुढं खेळणार हाय, असा आत्यानं त्याला निरोप धाडला होता. मेंढरं चुलत्याच्या भरवशावर टाकून तो कुरुंद्याच्या शिवारातून पायी आला होता.

त्यानं घोंगडं माझ्या हातातून घेतलं. झटकलं. पायाचा ठसा होता तिथं दोनदा हात फिरवला. मग म्हणला, "तुला ह्याच्यातच गुंडाळून आणलं होतं. रानात झालीस तवा."

मी ओठावरचं काजळ पुसलं.

"लागलं का?"

"न्हाई बा. मला पडता येतंय."

"ते दिसलंच," म्हणला, अन् चालायला लागला.

त्यानं मला बडवलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून बा घोंगडं घेऊन वसमतच्या बाजारात कधी गेला न्हाई. आत्याचं घर गावाच्या कडेला होतं. तिथं दाराजवळच्या खुंटीला घोंगडं टांगायचा, रिकाम्या खांद्यानं बाजार करायचा, अन् परतताना घेऊन जायचा. आत्यानं एकदा इचारलं, काहून रे असं. तो म्हणला, गरम होतंय. पुसाचा महिना होता, ऐन थंडीचा.

आता हे कराटे माझ्या वाट्याला आलं कसं, ते सांगते. जिल्हा तवा परभणीच होता, हिंगोली नंतर झाला. बा अन् आई वर्षातले आठ महिने मेंढरांमागं. शाळा बुडू नये म्हणून मला आत्याकडं ठेवलेलं. आत्या मोंढ्यातल्या हळदीच्या एका गोडाऊनमध्ये पोती शिवायची. हंगाम सरला की गोडाऊन रिकामं पडायचं, अन् त्या रिकाम्या फरशीवर सर संध्याकाळचा क्लास घ्यायचे. सर एका ऑफिसात कारकून होते. परभणीला कुठं शिकून आले होते. पंचवीसेक पोरंपोरी असायची, सगळी वकील, डॉक्टर, मास्तर लोकांची. आत्या कोपऱ्यात फाटकी पोती सांधायची, मी तिच्याजवळ बसून बघायची.

एक सांगायचं राहिलं. हळदीचं गोडाऊन कितीही झाडा, फरशीतली हळद जात न्हाई. तिथं जे टेकंल ते पिवळं होतं. म्हणून वसमतच्या क्लासमध्ये सगळ्यांचे पांढरे ड्रेस कुठं ना कुठं पिवळे असायचे. बहुतेकांचे गुडघे. न्हाईतर बूड.

नवी पकड शिकवायची तर कोणीतरी पडावं लागतं. शहरातल्या पोरी पडायला तयार नसायच्या. ड्रेस खराब होतो, आई बोलते, कंबर दुखते. एका संध्याकाळी सर वैतागले अन् माझ्याकडं बोट करून म्हणले, "काय गं, पडशील का?"

मेंढरांमागं वाढलेली मी. कोकरू धरायला जाऊन दिवसातनं दहादा पडायची. मला त्याचं काय नवल? गेले अन् पडले.

सरांचं एक मात्र कबूल करते. पडायला त्यांनी मला जीव लावून शिकवलं. हनुवटी छातीला. श्वास सोडायचा. हात फरशीवर सपकन मारायचा. डोकं मरेपर्यंत टेकू द्यायचं न्हाई. दोन महिने मी नुसती पडत होते. बाकीच्या पोरींना हा धडा सरांनी दिलाच न्हाई, कारण त्यांना पडायचंच नव्हतं. मृणालचा जुना ड्रेस मला मिळाला. तिच्या अंगावर असताना त्याचे गुडघे पिवळे होते. माझ्या अंगावर आला अन् त्याची पाठ पिवळी झाली. पोरी चिडवायच्या, हिला रोज हळद लागती, नवरदेव कुठाय. क्लासमधून बाहेर निघणाऱ्या घोळक्यात पाठीवरून कळायचं, पडणारी कोण अन् पाडणाऱ्या कोण. पिवळी पाठ एकटी माझी.

तरी मला ते सगळं आवडायचं. खोटं काहून बोलू. इच, नी, सान, शी, गो असे जपानी आकडे म्हणत सगळ्यांनी एकदम पाय उचलायचे, फरशी दणाणायची, तवा माझ्या अंगावर काटा यायचा. शाळेत मी मागच्या बाकावरची, मृणालच्या मैत्रिणी नाक दाबून माझ्याजवळून जायच्या, मेंढरांचा वास येतो म्हणून. पण त्या फरशीवर माझं अंग बराबर चालायचं. प्रत्येक डाव माझ्याच अंगावरून शिकवला जायचा. म्हणजे प्रत्येक डाव आधी मला कळायचा. हे सरांच्या ध्यानात आलं न्हाई. माझ्या पण न्हाई.

त्या सव्वीस जानेवारीनंतर बेल्टची परीक्षा होती. मी सरांना म्हणलं, मला पण बसू द्या. सर हसले. "गुंडाला कुठं बेल्ट असतो का?" सगळा क्लास हसला. अन् ऐका, मी पण हसले. माझ्यावर हसले त्याचा राग कवाच गेला. हसतील त्यांचे दात दिसतील. पण मी त्यांच्यासंगं हसले, त्याचा राग अजून हाय.

बाला कळलं तवा त्यानं मला हसवायला बघितलं. म्हणला, पट्टा आपल्या कुत्र्याला हाय की, चांगला खिळ्यांचा, लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून. तुला कशाला? मला हसू आलं न्हाई.

तुमी म्हणाल, मग क्लास सोडला असशील. न्हाई सोडला. आणखी एक वर्ष मी गुंड झाले. आजूबाजूच्या गावच्या शाळांत तोच खेळ, तोच गुंड, तोच पाय. बाचं घोंगडं मागायची हिंमत झाली न्हाई, म्हणून आत्याकडचं पोतं पांघरायची. पडले न्हाई तर त्या फरशीवर मला उभं राहायला जागाच नव्हती. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण माहीत होतं.

दहावी झाली अन् लग्न झालं. शिरड शहापूरला दिलं मला. घरी मेंढरं, थोडी शेती, वांड सासू अन् शांत नवरा. खरी हळद लागली तवा आत्या रडत रडत म्हणली, हिला काय नवी हाय ही.

क्लास सुटला. चौदा वर्षं सुटला. पण अंगात शिरलेलं बाहेर निघत न्हाई. मी मेंढरं मोजायची ती इच, नी, सान, शी, गो करत. आमच्यात विशीनं मोजतात, एक विसा, दोन विसा. सासूला वाटलं, सूनबाई मंत्र म्हणती. तिनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं गावाला. नवऱ्याला मी खरं सांगितलं तवा तो हसला अन् स्वतः शिकला. एकदा बाजारात मेंढरं दाखवताना तो मोठ्यानं मोजत गेला, इच, नी, सान. व्यापाऱ्याला वाटलं, ही दलालांची चोरभाषा हाय अन् आपल्याला फसवून राहिलेत. तो तणतणत निघूनच गेला. आमी दोघं घरापर्यंत हसत आलो.

रानात कोणी नसलं की मी पदर खोचून सगळे हात करायची. मेंढरं मान वर करून बघायची, कुत्रं भुंकायचं. काळ्या रानात पडून बघायची. अजून जमतंय का? जमायचं. मग एकटीच बसायची, अन् मला ते गोडाऊन आठवायचं, तो हळदीचा वास, तो दणदणाट. रडायला यायचं. ज्या ठिकाणी आपल्यावर पाय ठेवला त्या ठिकाणची ओढ लागावी, ह्याची लई लाज वाटायची.

मग घरोघरी मोबाइल आले. एका दिवशी आत्याच्या पोरानं नंबर दिला म्हणून सरांचा फोन आला. आवाज तोच, जरा थकलेला. क्लासचा आता स्वतःचा हॉल झालाय, मोठा कार्यक्रम हाय, जुन्या सगळ्यांना बोलावलंय, मृणाल पुण्याहून येणार हाय, असं सगळं सांगितलं. मग म्हणले, "तो जुना खेळ परत करायचाय. तुझ्यासारखं पडणारं पुन्हा मिळालंच नाही गं."

खरं सांगते, मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी कोणीतरी आठवण काढली. सरांना मी लागते. नवऱ्याला पळत जाऊन सांगितलं. तो कोकराला पाजत होता. त्यानं मान पण वर केली न्हाई. म्हणला, "म्हंजी तुला पडायला बोलावून राहिले का?"

मी तिथंच खाली बसले. चौदा वर्षांत जे मला स्वतःला म्हणता आलं न्हाई, ते त्या अडाणी माणसानं एका वाक्यात म्हणलं.

दोन दिवस जेवण गेलं न्हाई. जाऊ नये असं पण वाटेना. ती फरशी माझी होती, तिच्यावर माझ्याइतकं अंग दुसऱ्या कोणी टाकलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी एसटीनं कुरुंद्याला माहेरी गेले. बा आता मेंढरांमागं फिरत न्हाई, दारात बसून टकळीवर लोकर काततो. तेच घोंगडं मांडीवर होतं, दोन ठिकाणी ठिगळ लावलेलं. मी म्हणलं, बा, घोंगडं दे.

त्यानं टकळी थांबवली. म्हणला, "काहून? पुन्हा थंडी वाजती का?"

 त्याला तवाच माहीत होतं. मैदानावर यायच्या आधीपासून माहीत होतं, की पोरगी खोटं बोलली. तरी खांद्यावरचं काढून दिलं होतं.

"न्हाई बा," मी म्हणलं. "ह्या बारीला खोटं न्हाई. वसमतला न्यायचंय. तू पण चल."

"मी न्हाई यायचो." त्यानं घडी घालून घोंगडं माझ्या हातात दिलं. "तू ने. फकस्त खाली पडू देऊ नको."

एवढंच काम होतं माझ्यावर. घोंगडं खाली पडू द्यायचं न्हाई. बाकी काय होईल ते होऊ द्या.

हॉल लई मोठा. खाली गाद्या, भिंतीला आरसे. हळद कुठंच न्हाई. तरी उंबऱ्यात मी वाकले, आमची तशी रीत होती, अन् वाकल्याबरोबर डोळे भरून आले. आत बारक्या पोरी ओळीत उभ्या राहून इच, नी, सान म्हणत होत्या. मला वाटलं, धावत जाऊन ओळीत उभं राहावं.

तेवढ्यात कोणीतरी वरडलं, "अरे, गुंड आली!" सगळे जमा झाले. मृणालनं मिठी मारली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे पण सांगते. केस कापलेले, चांगली दिसत होती. "गुंडा, किती वर्षांनी गं." एका जुन्या पोरानं इचारलं, तुझं खरं नाव काय होतं गं. कोणालाच आठवेना. सर पण डोकं खाजवायला लागले. सगळे हसले.

मी न्हाई हसले. आयुष्यात पहिल्यांदा त्या लोकांत मी हसले न्हाई. हे एवढं बारकं काम, पण मला त्याला चौदा वर्षं लागली.

भिंतीवर तो फोटो होता. चौकटीत, मोठा करून लावलेला. मृणाल उभी, पाय घोंगड्यावर. खाली नावं लिहिलेली. मृणालचं नाव, पाहुण्यांचं नाव, सरांचं नाव. मी फोटोच्या मधोमध होते अन् खाली कुठंच नव्हते. रोज नव्या पोरी ह्याच फोटोखाली वाकत असतील, ह्याच्याकडं बघून शिकत असतील.

मी सरांकडं गेले. म्हणलं, सर, ह्या बारीला मी मुलगी होईन, मृणालला गुंड होऊ द्या. आजूबाजूचे हसले. मृणाल म्हणली, मी कशी होणार, मला कुठं पडता येतं? अगदी खरं बोलली. सरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "अगं, गंमत असते ती. लोकांना तेच बघायचंय. घोंगडं आणलंस ना? मग झालं तर."

"बरं," म्हणलं मी.

आमचा खेळ पुकारला. गुरुजी बदलले होते, माईक तोच होता. पुन्हा रान, पुन्हा रानदांडगा. मी साडीवर गेले. मिशा न्हाईत, काठी न्हाई. खांद्यावर घोंगडं. पुढच्या ओळीत पाहुण्यांसाठी ठेवलेली एक खुर्ची रिकामी होती. मी घोंगडं काढलं, घडी नीट केली अन् त्या खुर्चीवर ठेवलं. मागं फिरले अन् पदर खोचला. माईकवाले अडखळले.

मृणाल तिचं वाक्य बोलली. कोण आहेस तू, वाट सोड. इथं गुंडानं दात काढून हसायचं असतं. मी माझं नाव सांगितलं. बाचं नाव, गाव, सगळं. मोठ्यानं. लोकांना वाटलं, खेळातलंच हाय.

पहिला तडाखा मी हातावर घेतला. दुसरा पण. तिसऱ्याला तिचा हात उठला, अन् कडेनं सरांचा आवाज आला, दबका. "पड."

मी उभीच.

"पड ना गं."

ती पकड माझ्याच अंगावर शिकवलेली होती. तिचा हात कुठं येणार, वजन कुठं जाणार, हे माझ्या पाठीला तिच्याआधी ठाऊक होतं. मी अर्धं पाऊल बाजूला झाले अन् मनगट धरलं. बस. तिला पाडायचं माझ्या मनात नव्हतं. तीच तिच्या जोरात गेली. अन् गेली ती कशी? हात हवेत, हनुवटी वर, मान मागं, हळदीचं पोतं गाडीतून सुटावं तशी. गादी संपून फरशी लागत होती तिथं डोकं चाललं होतं. मी गुडघ्यावर आले अन् हात खाली घातला. तिचं डोकं माझ्या तळहातावर आपटलं. बोटं सोलली.

टाळ्या पडल्या न्हाईत. पुढच्या ओळीतली एक बारकी पोरगी तेवढी म्हणली, "गुंड पडलीच नाही."

मृणाल उठून बसली. घाबरली होती. माझ्या हाताकडं बघत म्हणली, मला हे कधी शिकवलंच नाही. मी सरांकडं बघितलं अन् म्हणलं, "सर, पडायला दोघींना शिकवायचं असतं."

गादीवरून उतरले, घोंगडं उचललं, खांद्यावर टाकलं. 

सर मागं आले. राग होता, पण त्याहून जास्त नवल होतं. म्हणले, तो खेळ होता गं, एवढी वर्षं मनात धरून बसलीस?

मी म्हणलं, "खेळ असता तर राज्य बदललं असतं, सर. माझ्यावर आलं ते गेलंच न्हाई."

सरांनी भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. मग हळूच म्हणले, पुढच्या परीक्षेला ये, तुला थेट काळा बेल्ट देतो. एकेकाळी त्या शब्दासाठी मी जीव टाकला असता. मी म्हणलं, पट्टा आमच्या कुत्र्याला हाय, सर, मला नको. अन् खुर्ची ओढली, वर चढले, फोटो खिळ्यावरून काढला. सर म्हणले, राहू दे की, आठवण आहे. मी म्हणलं, आठवण माझी हाय, पाठ पण माझी हाय. घोंगड्यात फोटो गुंडाळला अन् स्टँडवर आले.

घोंगडं द्यायला कुरुंद्याला गेले तवा बानं मला बघून एकच इचारलं, "पडलं का?"

"न्हाई. खुर्चीवर होतं. म्होरच्या ओळीत."

त्यानं घोंगडं नाकाला लावून वास घेतला अन् खांद्यावर टाकलं. मग टकळी फिरवायला लागला. त्यानंतर वसमतच्या बाजारात तो घोंगडं घेऊन जातो, की अजून आत्याच्या खुंटीला टांगतो, ते मी आत्याला इचारलं न्हाई. बसलेलं भ्या एका दुपारीत निघत नसतं. मला कोणी गोड शेवट सांगू नये.

क्लास मी पुन्हा धरलाय. दर रविवारी पहिल्या एसटीनं माझ्या दहा वर्षांच्या लेकीला घेऊन त्या हॉलमध्ये जाते. उंबऱ्यात वाकते, ओळीत शेवटी उभी राहते. सर नीट बोलत न्हाईत. न बोलू दे. कोणी गुंड म्हणून हाक मारली तर मी वळून बघत न्हाई. नाव घेतलं तरच वळते. आता चार-पाच जणांना नाव पाठ झालंय.

अन् बाकीचे दिवस आमच्या वस्तीवर शिकवते. हळद शिजवून वाळवायचं खळं हाय आमचं, हंगाम सरला की मोकळंच असतं. बारा पोरी येतात. धनगराच्या, मांगाच्या, मराठ्याच्या, दोन मुसलमानाच्या. शिक्षकाची एक पोरगी येती, तिच्या आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं, हिला जास्त पाडू नका. मी म्हणलं, मग हिला घरी ठेवा. दुसऱ्या दिवशी आली. पहिले दोन महिने मी कोणालाच मारायला शिकवत न्हाई. सगळ्या पडतात. रोज. पाळीपाळीनं. संध्याकाळी घरी निघतात तवा मी मागून बघते. बाराच्या बारा पाठी पिवळ्या.

तो फोटो खळ्यावरच्या खोलीत टांगलाय. नव्या पोरीला मी आधी तो दाखवते. खालची कोण, ते तिनं इचारावं लागतं. इचारलं न्हाई तोवर तिला पुढचा धडा न्हाई.

येत्या सव्वीस जानेवारीला आमी त्याच मैदानावर जाणार हाओत. शाळेला कळवलंय. इचारलं न्हाई, कळवलंय. गुंड कोण व्हायचं ते चिठ्ठी टाकून ठरणार, अन् पुढं गावोगाव खेळ झाला की दर गावाला बदलणार. गुंडाच्या अंगावर इस्त्रीची पँट अन् पांढरा शर्ट असंल. माझ्या उभ्या जलमात मी जेवढे गुंड बघितले, सगळे इस्त्रीचेच होते. घोंगडं पोरीच्या खांद्यावर असंल.

अन् आमच्या पाठीवर ज्याला पाय ठेवायचाय, त्यानं खुशाल यावं. फकस्त येताना आधी पडायला शिकून यावं.